बाकीतला ठिपका

४ फेब्रुवारी

आले एकदाची! दादा उतरवून घ्यायला आला होता. माझी बॅग उचलताना कण्हला आणि यात विटा भरल्यास का म्हणून विचारलं. पुस्तकं आहेत म्हटलं, तर म्हणाला, एकूण एकच.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मला मागची खोली मिळालीय. वहिनीने तिचं शिवणयंत्र स्वतःच्या खोलीत ओढत नेलं आणि ही माझ्यासाठी रिकामी केली. खिडकीला निळा पडदा, टेबलावर दिवा आणि ही कोरी वही. नवी नोकरी, नवं गाव, लिहीत जा म्हणाली. खिडकीतून शेजारच्या गच्चीवरच्या चादरी दिसतात. त्यातली एक फाटकी आहे आणि तिच्या मालकिणीला ते बहुतेक माहीत नाही.

उद्यापासून हॉस्पिटलच्या स्कॅन विभागात. वहिनी तिथे सहा वर्षं तंत्रज्ञ आहे, जागा निघाल्याचं तिनेच कळवलं. निवड मात्र माझ्या जोरावर झाली, हे इथे नोंदवून ठेवते.

५ फेब्रुवारी

आमचं यंत्र म्हणजे एक पांढरा बोगदा. माणूस त्यात आडवा सरकवायचा आणि ठकठक ऐकत पडून राहा म्हणायचं. यंत्र फोटो काढत नाही, हे लोकांना कितीही सांगा, पटत नाही. ते डोक्यातून येणारे बारीक संकेत टिपतं आणि आकडे लिहून ठेवतं. त्या आकड्यांवरून उलटं गणित करत चित्रापर्यंत पोचायचं असतं. सगळे आकडे घ्यायचे तर माणसाने चाळीस मिनिटं हलायचं नाही. कोण राहणार? नाक खाजतंच. म्हणून आम्ही पावच आकडे घेतो आणि दहा मिनिटांत मोकळं करतो. अडचण एवढीच की पाव आकड्यांत बसतील अशी चित्रं हजारो निघतात. खरं कुठलं ते कसं ओळखायचं, हे माझं काम. संगणकाला जुनी डोकी दाखवायची, डोकं साधारण कसं असतं ते शिकवायचं. मग जे मोजलंच नाही ते तो शिकल्यावरून भरून काढतो. लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, आपण शितावरून अख्खं पातेलं भरतो, असं मी म्हटलं तर मोठ्या बाई हसल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्या सहसा हसत नाहीत म्हणे.

दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. एक, भरवशाचा काटा: मोजलेल्या आकड्यांवर किती विसंबायचं आणि शिकवणीवर किती, ते यावर ठरतं. दुसरी, बाकी. तयार झालेल्या चित्रावरून पुन्हा सुलट गणित करायचं, यंत्राला काय ऐकू यायला हवं होतं ते काढायचं आणि खरोखर ऐकलेल्यातून वजा करायचं. उरते ती बाकी. चित्र खरं असेल तर तिच्यात नुसती राखाडी वाळू दिसते. वाळूत आकार दिसला तर समजावं की डोक्यातलं काहीतरी चित्राबाहेर राहिलंय. प्रत्येक पेशंटची बाकी बघायचा नियम आहे. बघत कोणीच नाही, कारण रांग दारापर्यंत असते.

११ फेब्रुवारी

वहिनीला विभागात ‘मूर्ती’ म्हणतात. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी यंत्र जुळवायला एक जिवंत डोकं लागतं, पूर्ण चाळीस मिनिटं. गेली तीन वर्षं ते डोकं वहिनीचं. ती आत जाते आणि दगड होते. पापणी नाही, गिळणं नाही. शिवाय बाहेर येऊन सगळ्यांना गुड मॉर्निंग करते.

रिपोर्टवाले डॉक्टर, सफाईवाल्या मावशी, बाहेरचा रखवालदार, सगळे तिच्यावर खूश. मूर्तीची नणंद का, मग काही प्रश्नच नाही, असं आज तिघांनी सांगितलं. माझं नाव एकानेही विचारलं नाही.

२० फेब्रुवारी

आईचा फोन. माझ्या नोकरीची चौकशी दोन मिनिटं आणि वहिनीच्या डोकेदुखीची वीस. ती फार करते सगळ्यांचं, तू तिला त्रास देऊ नकोस. मी काय करते म्हणे? मी नुसती आहे, हाच त्रास असावा.

खरं सांगायचं तर पोटात दुखतं. बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. शाळेत सोडायचं, वेण्या घालायच्या, गणितं सोडवून घ्यायची, सगळं दादाने केलं. माझ्या वाकड्या वेण्यांवर शाळा हसायची आणि मी मान ताठ करून मिरवायची. आता तो ऑफिसातून आला की आधी तिचं कपाळ दाबतो, मग मला विचारतो, छोटे, जेवलीस का. हे लिहिताना लाज वाटतेय. पण वही माझी आहे, इथेही खोटं लिहायचं तर कुठे जाऊ.

२ मार्च

सापडलं! वहिनीच्या मेंदूच्या एका वळीला डाव्या कानाच्या वर बारीकशी खळी आहे. तिचीच, जन्मतः, निरुपद्रवी. आज तीच खळी एका म्हाताऱ्या शिक्षकांच्या चित्रात दिसली. मग एका नर्तकीच्या. मग एका ड्रायव्हरच्या. शिक्षकांचं जुनं पूर्ण स्कॅन काढून पाहिलं, तर त्यात खळी नाहीच.

कारण सोपं आहे. शिकवणीच्या डोक्यांत सहाशेच्या वर चित्रं एकट्या वहिनीची आहेत, रोज सकाळची. संगणकाने तिलाच डोकं म्हणून पाठ केलंय. मोजमाप जिथे थिटं पडतं तिथे तो तिला भरतो. मनी वसे ते स्वप्नी दिसे, यंत्रालाही लागू आहे. त्याची तरी काय चूक? इथे सगळ्यांच्याच मनात तीच वसते.

मोठ्या बाईंना सांगायला हवं. तिची जादा चित्रं काढायची, बस, अर्ध्या दिवसाचं काम. उद्या सांगते.

९ मार्च

सांगितलं नाही. वहिनीची डोकेदुखी वाढलीय, बोगद्यातली ठकठक सोसत नाही. सकाळचं पडणं मी घेऊ का विचारलं, तर तिने मला मिठीच मारली. तीन दिवस मी पडतेय. पहिल्या दिवशी शिंकले, दुसऱ्या दिवशी पायाला मुंग्या. आज साधलं.

माझं डोकं पडद्यावर पाहताना कसंतरीच झालं. माझ्याही एका वळीला आकडी आहे, उजवीकडे, टोपी अडकवायच्या खुंटीसारखी. ही मी. हिच्याकडे इथे कोणी बघितलेलं नाही.

मग एक केलं. वहिनीची सहाशे चित्रं काढली आणि त्यांच्या जागी माझं एक घातलं. एकाने काय होणार, म्हणून थोडं वळवून, थोडं ताणून, थोडं सरकवून त्याचीच सहाशे केली. अशा नकला करायची आमच्यात पद्धत आहे, फक्त एकाच माणसाच्या एवढ्या कोणी करत नाही. तिची मूळ चित्रंही पुसली. जागा अडते, असं कारण नोंदवलं.

१८ मार्च

मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. नवी चित्रं काचेसारखी स्वच्छ येतात. येणारच, काटा मी शिकवणीकडे चांगलाच झुकवलाय. रिपोर्टवाले डॉक्टर म्हणाले, कानामागून आली आणि तिखट झाली, पण कौतुकाने म्हणाले. वहिनीनेच टाळ्या सुरू केल्या. तिला जरा तरी झोंबायला हवं होतं की नाही?

आज अकरा पेशंट. अकराही डोक्यांत उजवीकडे माझी आकडी. दिवसभर गुणगुणत होते.

२७ मार्च

वहिनीच्या उजव्या हातून कप पडला. या आठवड्यातला तिसरा. जेवताना तिला ‘झाकण’ हा शब्द आठवेना, ते डोक्यावरचं दे म्हणाली. दादा हसला, तीही हसली. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली. भिंत पातळ आहे, ऐकू येतं.

३ एप्रिल

आज वहिनीचं स्कॅन झालं, आपलं दहा मिनिटांचं. चाळीस मिनिटांचं करूया का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, कशाला, आपलं नवं इतकं छान येतंय. माझ्याकडे बघून म्हणाल्या.

चित्र स्वच्छ आलं. डॉक्टरांनी सही केली, थकवा आहे म्हणाले, विश्रांती घ्या. दादा खुर्चीत बसला आणि तोंड झाकून रडला. बाबा गेले तेव्हाही असा रडला नव्हता.

मी पडद्याकडे बघत होते. तिची खळी नव्हती. माझी आकडी होती. वहिनीचं म्हणून सगळे जे बघत होते ते माझं डोकं होतं.

सगळे गेल्यावर पहिल्यांदाच बाकी उघडली. वाळू. आणि वाळूत डाव्या कानाच्या वर एक काळा ठिपका, मसुराच्या दाण्याएवढा. कडा स्पष्ट. तिच्या डोक्यात गाठ आहे. यंत्राने ती ऐकलीय आणि माझ्या चित्राने बाहेर ढकललीय.

धावत घरी आले. दारातूनच दिसलं, दादाने तिचे पाय मांडीवर घेतले होते आणि तिला काहीतरी वाचून दाखवत होता. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही. चेहरा असा का म्हणून नंतर वहिनीने विचारलं. काही नाही, वहिनी, सगळं ठीक आहे, म्हटलं.

उद्या सांगते.

५ एप्रिल

सांगितलं तर हेही सांगावं लागेल की मी काय केलं. नोकरी जाईल, ती जाऊ दे. दादा माझ्याकडे कसा बघेल? ठिपका लहान आहे. अशा गाठी वर्षानुवर्षं तशाच राहतात, वाचलंय मी. सोमवारपर्यंत थांबले तर बिघडत नाही.

आणि खरं कारण, इथे तरी. सांगितलं की पुन्हा सगळं तिचंच सुरू होईल. दोन आठवडे मी कोणीतरी होते.

वहिनी आज दोनदा म्हणाली, तू काळजीत दिसतेस. दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. काही नाही, सगळं ठीक आहे.

१० एप्रिल

दुसऱ्या पेशंटांच्या बाक्या उघडून पाहिल्या. स्वतःचं समाधान करायला, की असे डाग कुणाच्याही बाकीत पडतात.

नर्तकीच्या बाकीत ठिपका. ड्रायव्हरच्याही. डावा कान, तीच जागा. शिक्षकांच्या दोन मार्चच्या बाकीतही. तेव्हा माझं डोकं शिकवणीत नव्हतंच.

गणितात चूक असणार. तीनदा तपासलं. चूक नाही.

१४ एप्रिल

ठिपका वाढलाय. वहिनीच्या डोक्यात वाढला तर समजू शकते, पण या फायली आहेत. महिनाभर कोणी हात लावलेला नाही. मसूर होता, आज वाटाणा आहे. सगळ्यांच्या बाकीत, एकाच मापाचा.

वहिनीचा उजवा पाय ओढला जातो आता. दादा म्हणतो, रिपोर्ट स्वच्छ आहे ना, मग झालं तर, आराम कर. दिवसातून चारदा तो रिपोर्ट काढून बघतो.

आज सांगणारच. ती समोर बसून शर्टाला बटण लावत होती, सुई धरवत नव्हती. मी तोंड उघडलं आणि –

चहा ठेवू का, म्हटलं.

१७ एप्रिल

सकाळी मी पडले होते त्याची बाकी पाहिली. माझ्या स्वतःच्या डोक्याची. वाटाणा तिथेही.

चित्र मात्र स्वच्छ. माझं चित्र स्वच्छच येणार. त्याला मी तोंडपाठ आहे, नऊ मार्चची मी. आता आत काहीही झालं तरी तो मला नऊ मार्चचीच दाखवेल. करायला गेले एक आणि –

परत येताना उजव्या हातून किल्ल्या पडल्या. उचलल्या. पुन्हा पडल्या.

१९ एप्रिल

आज कारण नव्हतं, भीती नव्हती, लाजही नव्हती. सांगायचंच होतं. दादा, वहिनी, मी, तिघंच. मनात वाक्य तयार होतं. वहिनी, तुझ्या डोक्यात गाठ आहे. सात वेळा मनात म्हटलं.

तोंडातून आलं, काही नाही, वहिनी, सगळं ठीक आहे.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच, त्याच सुरात. तिसऱ्यांदा दादा हसला, म्हणाला, छोटे, कळलं आम्हाला.

मोरीत जाऊन आरशासमोर म्हणून पाहिलं. वाक्याची सुरुवात माझी असते. मग मध्ये एक भोक येतं, शब्दच नसतो, आणि त्या भोकात ते आपोआप भरलं जातं. या महिन्यात मी जे सर्वांत जास्त वेळा बोलले तेच. हे भरणं मी ओळखते. मीच शिकवलंय.

२१ एप्रिल

मोठ्या बाईंना खोलीत नेलं. वहिनीची बाकी पडद्यावर मोठी करून ठेवली. ठिपका आता सुपारीएवढा. बोट ठेवलं त्यावर.

त्यांनी विचारलं, काय हे?

छान आलंय ना, मी म्हणाले.

त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हो गं, एकदम स्वच्छ वाळू. त्यांना दिसतच नाही. की दिसतं आणि भरलं जातं, त्यांच्याही –

काटा उलट फिरवायला गेले. फिरवला. मोजलेल्यावर पूर्ण भरवसा. चित्र तेच आलं. माझंच.

तिची सहाशे चित्रं असती तर शेजारी ठेवून फरक दाखवला असता. मीच पुसली.

२२ एप्रिल

वहिनी जिन्यात पडली. कपाळाला टाके. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी डोक्याचं स्कॅन पाहिलंय का विचारलं. दादाने अभिमानाने रिपोर्ट काढला. माझ्या बहिणीने बनवलंय हे, म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सात वर्षांची असल्यापासून याचीच वाट पाहत होते.

ओरडले मी. खरंच ओरडले. सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे. नर्सने पाणी दिलं.

२३ एप्रिल

बोलता येत नाही, पण लिहिता येतं. ही वही वहिनीच्या हातात दिली. तीन एप्रिलचं पान उघडून. तिने मिटली. म्हणाली, वेडी, दुसऱ्याची डायरी वाचतात का कधी? तुझं तुझ्याजवळ. माझ्या उशीखाली ठेवून दिली आणि माझ्या केसांतून हात फिरवला, डाव्या हाताने. उजवा उठत नाही तिचा.

ती काढून दादासमोर धरली. तो फोनवर, आईला सांगत होता, रिपोर्ट स्वच्छ आहे गं. हातानेच नंतर म्हणाला. नंतर तो आलाच नाही, मला पुन्हा दाखवता आली –

किती चांगली आहे ती. इतकी चांगली की राग येतो. अजून येतो. एवढं होऊनही.

२४ एप्रिल

दुपार. अक्षर वाकडं येतंय, पण येतंय. वही वाचणार नाही ती. चिठ्ठी वाचेल. इथेच लिहिते, पान फाडते, हातात देते. बाहेरच्या खोलीत आहे, दादा तिला चालवतोय, पाय घासल्याचा आवाज येतोय.

वहिनी, तुझ्या डोक्यात डावीकडे काही नाही.

नाही. हे नाही. खोडते.

वहिनी, ते चित्र तुझं छान आलंय. सगळं ठीक आहे.

हे मी नाही लिहिलं. हात – आता हातातही –

आवाज थांबला. दादा हाक मारतोय तिला. पुन्हा मारतोय. पटकन.

वहिनी, आजच पूर्ण स्कॅन कर, आत्ता, चाळीस मिनिटांचं, कारण तुझ्या काही नाही, वहिनी, सगळं ठीक आहे, काही नाही, वहिनी, सगळं ठीक आहे, काही नाही, वहि